बिनविरोध आत्या

जगातली प्रत्येक बाई कुठे ना कुठे निवडून आलेली आहे, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नाही, असं माझ्या बायकोच्या आत्याचं ठाम मत आहे. या मतावर वाद घालायची सोय नाही. आत्या आमच्याकडे मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात राहायला आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दारात आलेल्या किंवा रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही बाईला त्यांनी आधी "कशा आहात?" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचं मतदान कुठल्या गावाला?" बाईनं गाव सांगितलं की दुसरा. "तिथं पंचायतीत बायकांची जागा सुटलीय का?" आणि समोरची बाई गोंधळली की तिसरा, आवाज खाली आणून, एखाद्या नाजूक दुखण्याची चौकशी करावी तसा. "घरच्यांनी तुम्हाला न सांगता कुठं उभं-बिभं नाय ना केलेलं? एकदा विचारून घ्या."

भाषेची अडचण त्यांना कधी आलीच नाही, कारण समोरच्याला आपलं कळतं हे त्या धरूनच चालतात. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची बायको उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातली. पहिल्याच दिवशी आत्यांनी दुधी दाबून बघता बघता तिला विचारलं, "तुम्हारे गाव में परधान का सीट बाई को सुट्या है क्या?" ती म्हणाली, "हमारी जेठानी ही परधान है, अम्मा." आत्यांचा चेहरा उजळला. "मीटिंग को कौन जाता है?" "जेठ जाते हैं." आत्यांनी दुधी खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तो जेठ मीच. पुढे त्यांनी त्या बाईला भर रस्त्यात इतका वेळ समजावलं, की मागच्या गिऱ्हाइकांची रांग मोडली आणि भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी फुकट देऊन आम्हाला मार्गाला लावलं. आता आम्ही लांबून दिसलो तरी तो जुडी हातात घेऊनच उभा राहतो.

लग्नकार्यात त्यांना न्यायचं म्हणजे जबाबदारी असते. एकदा माझ्या मावसभावाच्या लग्नात आत्या आहेर द्यायला स्टेजवर चढल्या, नवरीच्या कानाशी वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. फोटोग्राफर ताटकळला. नवरीचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. खाली आल्यावर बायकोनं विचारलं, "काय सांगत होतीस एवढं?" आत्या म्हणाल्या, "काही नाय गं. सासर ग्रामपंचायतीत येतं का नगरपालिकेत, ते विचारलं. मुलीला म्हाईतच नाय! दागिने विचारलेत, स्वयंपाकघर विचारलंय, आणि हे नाय विचारलं." तसंच समुद्रकाठच्या तारोडी गावचं. माझ्या ऑफिसातला एक मित्र तिथला, पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती घर. त्यानं एकदा गावच्या सणाला जेवायला बोलावलं. समुद्र, सुकत घातलेली मासळी, विहीर, एकमेकांना नावानं हाका मारणारी माणसं, असं सगळं बघून आत्या हरखून गेल्या होत्या. जेवताना त्यांनी मित्राच्या आईला नेहमीचा प्रश्न केला. म्हातारी म्हणाली, "आमच्यात ग्रामपंचायत न्हाय ओ. आमचा गाव शेरात गेला कवाच." आत्यांचा घास हातातच राहिला. "एवढं चांगलं गाव, आणि ग्रामपंचायत नाय?" एखाद्या घरात मूल नाही म्हणून हळहळावं तशा त्या हळहळल्या. मग काहीतरी आठवून म्हणाल्या, "पण महापालिकेतपण अर्ध्या जागा बायकांच्याच असतात. तुमचं नाव हाय का कुठं, बघून घ्या." म्हातारी हसून लोटपोट झाली. आत्या मुळीच हसल्या नाहीत.

कारण त्यांच्या बाबतीत हे खरंच घडलेलं होतं. आत्यांचं सासर माणगावच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. एके दिवशी त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. नव्यानं बदलून आलेला ग्रामसेवक दारात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "सदस्यबाई आहेत का घरात?" आत्या म्हणाल्या, "सदस्यबाई इथं नाय राहत. पुढच्या घरी बघा." तो बिचारा पुढच्या घरी गेला. तिथून त्याला आणखी पुढं पाठवलं. अख्खी आळी फिरून, घामाघूम होऊन तो परत आत्यांच्याच अंगणात आला, त्यानं आत्यांचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाला, "हे नाव कुणाचं?" "माझं." "मग सदस्य तुम्हीच. बिनविरोध निवडून आलाय तुम्ही. मुदत संपत आली, एकदा तरी मीटिंगला या." आत्यांचे यजमान तेव्हा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी एकदम पाठ वळवली आणि म्हशीला खाजवायला लागले. मग सगळं उलगडलं. रेशनकार्डाचं काम आहे म्हणून आत्यांची सही घेतली होती. वॉर्ड महिलेला सुटला होता, गावातल्या चार पुरुषांनी बसून आत्यांचं नाव ठरवलं होतं आणि कुणी विरोधात उभंच राहिलं नव्हतं. मीटिंगला यजमान जात. कधीमधी मीटिंग आत्यांच्या ओटीवरही भरे. "आणि मी चहा करत होते!" ही गोष्ट सांगताना आत्यांचा आवाज इथे हमखास चढतो. "माझ्याच मीटिंगला मी आतून चहा पाठवत होते. साखर जास्त झाली म्हणून बोलणी खाल्लेली." यजमान वाईट नव्हते, हेही त्या लगेच सांगतात. "तुला कशाला त्रास, म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं." पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण बदललं, त्यानंतर यजमान गेले, आणि आत्या भाचीकडे मीरा रोडला आल्या. आल्या त्या हा प्रश्न घेऊनच.

आमच्याकडे सुनंदा काम करते. ती घोडबंदर रोडवरच्या चेण्याच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहते, नवरा रिक्षा चालवतो, गाव मुरबाडच्या पुढे. महिन्यातून एकदा तरी ती सासूला बघायला गावी जातेच, आणि मतदानही तिकडेच. आत्यांनी तिला वर्षानुवर्षं तो प्रश्न विचारला आणि तिनं वर्षानुवर्षं भांडी घासता घासता "नाय ओ आत्या" म्हणून उडवून लावला. मग एका सकाळी तिचा दीर आमच्या दारात येऊन उभा राहिला. साधा, लाजाळू माणूस. हातात प्लॅस्टिकची पिशवी. "वहिनीची एक सही पायजे," तो म्हणाला. "थोडं अर्जंट होतं म्हणून हितंच आलो."

आत्या पोथी वाचत होत्या. त्यांनी पोथी मिटली. "कसली सही?"

"पंचायतीचं काम हाय. आमचा वॉर्ड बायकांना सुटलाय."

आत्यांनी चष्मा काढून पोथीवर ठेवला. मग अतिशय प्रेमानं म्हणाल्या, "बसा. चहा घ्या." बायकोनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. चहा आला. आत्यांनी दिराला बिस्किटं दिली, पिकापाण्याची चौकशी केली आणि तो जरा सैलावल्यावर विचारलं, "निवडून आल्यावर मीटिंगला कोण बसणार?"

"आमी हाव ना."

"जागा बायकांची म्हणालात ना?"

"हो."

"मग तुम्ही कसे बसणार?"

दिरानं बिस्किट चहात बुडवलं ते तिथंच विरघळलं. तो म्हणाला, "तसं नाय आत्या, वहिनी हितं असतात. आन् त्यांना बोलायची सवय नाय."

सुनंदा ओले हात पदराला पुसत बाहेर आली होती. "खरंच मला नाय बोलता येत," ती म्हणाली. "मी काय करू तिथं जाऊन?"

"तुला बोलता येत नाय?" आत्या तिच्याकडे वळल्या. "कामवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीनं तुला अडवलं, तेव्हा काय काय बोललीस ते मी घरातून ऐकलंय. पुढच्या विंगमध्येपण ऐकू गेलं असेल."

"ते वेगळं. त्याचं चुकलं होतं."

"मग तिथं काय सगळे बरोबर बसलेत?"

सुनंदानं पदर खोचला. तिनं दिराकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून बसली. आमच्या घरात ती खुर्चीवर बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "भावजी," ती म्हणाली, "मी आले तर मला बोलू देणार?"

"आता... बोला की," दीर म्हणाला.

"तुम्ही मधी नाय बोलणार?"

त्यानं पिशवीची गाठ सोडून परत बांधली. "नाय बोलणार."

"मग मी गावाला येते. अर्ज मी भरीन. सही तिथंच करीन, सायबासमोर. हितं नको."

आत्यांनी दिराच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

ही निवडणूक बिनविरोध झाली नाही. समोर दुसरी बाई उभी राहिली, तिचाही नवरा गावात वजनदार. आत्यांना प्रचाराला जायचं होतं, त्यांनी पिशवीही भरली होती, पण सुनंदानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आत्या, तुम्ही नका येऊ. लोकं म्हणतील, आधी दीर बोलणार होता, आता आत्या बोलते." आत्या दिवसभर फुरंगटून बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "बरोबर बोलली पोरगी." निकालाच्या दिवशी सुनंदा थोडक्या मतांनी निवडून आली आणि आत्यांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. सेक्रेटरीनं विचारलं, "किसका रिझल्ट आया, आंटी?" आत्या म्हणाल्या, "हमारा मेंबर आया. वो लिफ्टवाली." त्यानं पेढा घेतला, पण खाल्ला की नाही ते मला माहीत नाही. मग आत्यांनी सुनंदाच्या कामाच्या सगळ्या घरी जाऊन जाहीर केलं, की तिच्या मीटिंगच्या दिवशी ज्यानं त्यानं आपापली भांडी घासायची आणि कुरकुर करायची नाही. एकाही घरानं विरोध केला नाही. आमच्या घरी ती भांडी माझ्या वाट्याला आली, हे बाकी आत्यांनी कुठल्याही सभेपुढे न ठेवता ठरवलं.

काही महिन्यांनी सुनंदानं आत्यांना ग्रामसभा बघायला बोलावलं. मी गाडी काढली. सभा शाळेच्या वर्गात होती. पुढे सरपंच आणि सदस्य, समोर खुर्च्यांवर पुरुष, आणि बायका दाराबाहेर, पदर तोंडाशी धरून. सुनंदाचा दीर नकळत पुढे सुनंदाच्या खुर्चीत जाऊन बसला होता. सुनंदा त्याच्याजवळ गेली आणि नुसती उभी राहिली. काही बोलली नाही. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग तो कान लाल करून उठला आणि मागे माझ्या शेजारी येऊन बसला. सभा सुरू झाली, रस्त्याचा विषय झाला, दिव्यांचा झाला. मला वाटलं, आता सुनंदा काही बोलत नाही. दीर अस्वस्थ होऊन पुढे सरकत होता, ओठ हलत होते, पण त्यानं शब्द पाळला. आणि मग सुनंदा उठली. "ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असते," ती म्हणाली. "ती कधी घेतली?" कुणीतरी मागून म्हणालं, "बायका येतच नाहीत." सुनंदा दाराकडे वळली. "ह्या काय आल्यात की. बाहेर उभ्या केल्यात. आत या गं." मग एक म्हातारी चप्पल काढून आत आली आणि भिंतीशी बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. आत्या माझ्या शेजारून उठल्या आणि त्या बायकांत जाऊन जमिनीवर बसल्या. सभा संपेपर्यंत त्यांनी कुणालाही, काहीही विचारलं नाही.

परतताना आत्या गाडीत खिडकीशी बसल्या. ठाणं मागे पडलं, घोडबंदर रोडला नेहमीसारखी गर्दी लागली. चेण्याच्या जवळ आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "जावईबापू, मला तेव्हा कुणी सभेला नेलं असतं, तर मी काय मागितलं असतं, सांगू?"

"काय?"

"नदीवर उतरायला पायऱ्या. उतार फार वाईट होता. पावसाळ्यात भरलेला हंडा घेऊन बायका घसरायच्या. माझी जाऊ एकदा पोटुशी असताना पडली."

"अजूनही मागता येतील की. गावात कुणाला तरी सांगू."

"आता कशाला?" त्या बाहेर बघत म्हणाल्या. "आता घरोघरी नळ आलेत. त्या वाटेनं कुणी जात नाय. गवत माजलंय."

गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. बऱ्याच वेळानं, मी ऐकतोय की नाही याची फिकीर न करता, आत्या म्हणाल्या, "पण मी मागितल्या असत्या. नक्की मागितल्या असत्या."