यादोरावाच्या परसातला वाळका आंबा

सिहोऱ्याच्या आसपासच्या दहा गावांत घरालगतचं वाळकं झाड पाडायचं म्हटलं की यादोरावाला बोलावणं जायचं. धान तर सगळेच पिकवतात, पण झाड पाडायची अक्कल देवानं आपल्यालाच दिली, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. आधी तो घर रिकामं करवी. आजारी म्हातारी खाटेसकट आणि खुडूक कोंबडी टोपलीसकट बाहेर. मग कुऱ्हाड उलटी धरून खोडावर ठोके आणि आत किती पोकळ आहे ते कान लावून ऐके. वर अडकलेल्या सुक्या फांद्या पाही, स्वतःला पळायची वाट मोकळी करी, लांब दोरावर चार माणसं उभी करी आणि मगच झाड जिकडे पाडायचं तिकडून खाच घाली. पंधरा वर्षांत कुणाच्या छपराचं एक कवेलू फुटलं नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या परसात मात्र एक वाळका आंबा तीन वर्षं स्वयंपाकघरावर वाकून उभा होता. बायको रुखमिणी म्हणे, "पाडा ना जी तो." यादोराव म्हणे, "धानाची रोवणी होऊ दे." रोवणी झाली की कापणी, कापणीनंतर मंडईची जत्रा, मंडईनंतर पाहुणे. कारणं शोधण्यातही गडी हुशार होता.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात एक फांदी कडाडून मोडली आणि स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्या रुखमिणीच्या मागे वीतभरावर पडली. ती भांडली नाही. तिनं सरळ घरापुढे, रस्त्याच्या कडेला, नवी चूल मांडली.

जाणारायेणारा थांबू लागला. "काहून जी यादोरावभाऊ," शेजारचा गोमाजी रोज विचारी, "वैनीनं हाटेल टाकलं का?"

आठव्या दिवशी यादोरावानं कुऱ्हाड उचलली. पण दोर ओढायला चार माणसं बोलावली तर अख्खं गाव सल्ले द्यायला येणार, आणि घरचंच झाड चुकलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून त्यानं गाव झोपलेलं असताना भरदुपार निवडली, रुखमिणीला शेजारी पाठवलं आणि आंब्याच्या शेंड्याला बांधलेल्या दोराचं टोक आपल्या दोन हेल्यांच्या, म्हणजे नांगराच्या रेड्यांच्या, जुवाला बांधलं. दोर झाडाच्या दुप्पट लांब होता. सगळा हिशेब चोख होता. फक्त रोज याच वेळी आपण हेल्यांना पाण्यात डुंबायला गावच्या बोडीवर सोडतो, हे तो विसरला.

खाच घालून तो मागून कापू लागला. खोड करकरलं, आणि नेमकं तेव्हाच हेल्यांना बोडी आठवली. बोडी स्वयंपाकघराच्या अंगाला. ते वळले, दोर तिरपा झाला, आंब्याचा शेंडा कवेलूंकडे कलू लागला. यादोरावानं त्यांना चुचकारलं, शिव्या दिल्या, हात जोडले. पाण्याकडे निघालेला हेला कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

इतक्यात स्वयंपाकघरापासून लांब, परसाच्या पार पलीकडच्या टोकाला रुखमिणी उगवली, हातात पेजेची बादली. "या रे, या." वास लागताच हेले गर्रकन फिरून तिच्याकडे धावले. दोर सरळ ताणला गेला. यादोरावानं शेवटचे तीन घाव घातले आणि मोकळ्या वाटेनं पळाला. आंबा रिकाम्या परसात आडवा झाला. कवेलू सगळी जागच्या जागी.

यादोराव खोडावर बसला. "तुले बाहेर राह्य म्हटलं होतं ना."

"बाहेरच होती. कुंपणातून पाहून राहिली होती. हेल्यायले हात काहून जोडत होते? एवढं भेव कायचं?"

खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "लोकायच्या घरी भेव नाही लागत. इथं एक घाव चुकला अन् तुह्या चुलीवर झाड आलं तर? म्हणून तीन साल हात लावला नाही."

रुखमिणी त्याच्या शेजारी खोडावर बसली. "मले वाटे, माही पर्वाच नाही तुमाले." मग पदरानं डोळे पुसता पुसता ती थांबली. "अन् तीन साल तो माह्या डोक्शावर ठेवला, तवा भेव नाही लागलं?"

यादोरावानं कुऱ्हाडीचं पातं पुसलं आणि हळूच विचारलं, "जेवाले काय हाय?"

"तुमची पेज हेल्यायनं पेली. बसा. चूल अंदर मांडू द्या, मंग रांधीन."