हलकी गाडी

नातवाच्या मित्राने जुनी विलायती छोटी गाडी दुरुस्त करून दाखवायला आणली. दार उघडलं तर ताज्या रंगाचा आणि सीटच्या चामड्याचा वास आला. पोरं फोटो काढत होती. मी दोन पावलं मागे सरले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली गोष्ट. लालबागला चाळीच्या आवारात माझे सासरे, तात्या, अशीच एक गाडी नीट करत होते. कुणा साहेबाने भंगारात काढलेली. पत्रा ठोकला, आतला लाकडी सांगाडा नवा केला. काळा रंग नुकताच वाळला होता.

त्या दुपारी गिरणीचा भोंगा वाजलाच नाही. नाक्यावर गोळीबार झाल्याचं कळलं आणि चाळीतली माणसं धावत आली.

"तात्या, गाडी द्या. गल्लीच्या तोंडाशी आडवी लावतो. पोलिसांचा ट्रक आत येता कामा नये."

"न्या," म्हणत तात्या गाडीत जाऊन बसले.

"अहो, उतरा! तुम्हालाही उचलू काय?"

"हलकी आहे रे ती. रिकामी दिसली तर ढकलून देतील."

आठदहा जणांनी त्यांच्यासकट गाडी उचलून नेली.

मी गॅलरीत उभी होते. ट्रक आला आणि गाडीला टेकून थांबला. ट्रकचं इंजिन चालूच होतं.

"मामंजी, बाहेर या!" मी ओरडले.

त्यांनी वर पाहिलं आणि काच चढवून घेतली.

शेवटी ट्रक मागे गेला. तात्या घरी येऊन जेवले. चाळीत अजून सांगतात, तात्या गाडीत हसत बसले होते. खोटं आहे. माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.