ती मेलेली नाही

ती कादंबरी अस्सल वास्तववादी आहे, असे नागपुरात आता सगळेच म्हणतात. म्हणोत. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवले आहे, आणि त्या कादंबरीतील मुलगी जिच्यावरून बेतली, त्या बाईच्या हातचा डबा रोज जेवतो. वास्तव मला कोणी शिकवू नये. गांधीबागेपासून वाडीपर्यंत डबे देणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. ही कोणती, हे शोधायलाही कोणी निघू नये.

कामाचे आमिष दाखवून तिला लहानपणी गावाहून आणले आणि एका घरात विकले. त्या घरातून ती पळाली, पकडून आणली गेली, मार खाऊन पुन्हा पळाली आणि मग कुणाच्या हाती लागली नाही. हे तिने लेखकाला स्वतः सांगितले. नाव आणि पत्ता येऊ नये, ही तिची अट. लेखक महाशयांनी ती पाळली. फक्त त्यांनी तिला मुकी केले आणि शेवटच्या प्रकरणात तलावात बुडवून मारले.

प्रकाशन समारंभात आम्ही दोघे मागच्या रांगेत बसलो होतो. व्यासपीठावरून शेवटचे पान वाचले गेले. सभागृहात रुमाल निघाले. ती माझ्याकडे वाकली.

"सर, मी मेली काय जी?"

"त्याच्या पुस्तकात."

"मंग उद्याचा डबा कोन देईन तुमाले?"

पदर तोंडावर दाबून ती हसू लागली. पुढच्या रांगेतील बाईंना ती रडते आहे असे वाटले. त्यांनी तिला पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन ती म्हणाली, "पन काहून मारलं मले? भांडून भांडून जगली, हे सांगतलं होतं न त्याले."

चहाच्या वेळी मी लेखकाला तेच विचारले.

"सर, ती जगली असती तर वाचक निश्चिंत झाला असता."

"आणि तिची वाचा कशासाठी घेतलीत?"

"दुःख मुकंच असतं, सर."

साफ खोटे! त्या घरात ती मालकिणीच्या चालण्याची नक्कल करून इतर मुलींना हसवी, मार खाई, आणि अंग दुखायचे थांबण्याआधीच पुन्हा नक्कल करी. त्या हसण्यावर आम्ही तगलो, असे ती सांगते. महाशयांना हे ठाऊक होते. जिवंत मुलगी त्यांच्या करुणरसाला अडचणीची झाली.

तरीही दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी माझ्याकडेच प्रस्तावना मागितली. काय लिहू, असे मी तिला विचारले. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "नाव नोका लिवू, पत्ता नोका लिवू. ते पोरगी मेली नाही, हे लिवा."

मी ते एकच वाक्य पाठवले. त्या वाक्याने शेवटाचा परिणाम जातो, असा महाशयांचा निरोप आला. दुसरी आवृत्ती प्रस्तावनेविना निघाली आणि मुलगी पुन्हा बुडाली.

ते वाक्य आता माझ्या आठवणींच्या पुस्तकात छापणार, असे मी तिला सांगितले.

"ठळक छापजा जी," ती म्हणाली. "त्याले चष्मा आहे."

मुद्रकाला तशी सूचना दिली आहे.