मधला एक इंच

“सैल सोडा वो, कशाला ताणताय?”

ती गेली त्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात कपड्यांची दोरी बांधत होतो. मी ओढून बांधायला निघालो, तर तिने हे नेहमीचं वाक्य टाकलं. “ताठ दोरीच आधी तुटते. थोडी लोंबू द्या.” मी चिडून सैल सोडली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी तिच्या छातीत कळ आली, चार वाजता ती नव्हती.

बायकोबद्दल लिहितोय. मी गवंडी, शाळा चौथीपर्यंत. तिची तेवढीही नाही. ती मासेमार खारव्यांची पोर. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बंदराजवळ मासळीच्या लिलावाची शेड बांधायची होती, तेव्हाची गोष्ट. मुंबईहून एक इंजिनियर साहेब आले. छप्पर काँक्रीटचं, मधे एक खांब नाही, आणि जाडी बघाल तर करवंटीसारखी. आकार शोधायला त्यांनी चौकटीला एक जाळं टांगलं, त्याला शिशाची बारीक वजनं लावली आणि खाली आरसा ठेवला. खाली लोंबणारं जाळं आरशात वर उभारलेलं दिसायचं. तेच आमचं छप्पर.

ती माझा डबा घेऊन आली आणि जाळं बघून हसली. “सायेब, हे कुणी विणलं? एक डोळा मोठा, एक बारका. यात मासा पण फसायचा नाय.”

साहेबांना राग आला नाही. “बाई, तुम्ही द्याल विणून?”

मग महिनाभर ती तिथेच. साहेब रोज एखादं शिसं इकडचं तिकडे करायचे, कागदावर आकडे मांडायचे, कुठली दोरी दोन बोटं आखूड करायची ते सांगायचे. ती करायची आणि विचारायची, “आता भार कुठनं जातो?” साहेब बोटाने दाखवायचे. कमीत कमी माल लागेल आणि तरी छप्पर उभं राहील, असा आकार ते शोधत होते. मला तो पोरखेळ वाटायचा. तिला नाही. घरी चुलीवरच्या पातेल्याकडे बघूनही तिचं तेच, “भार कुठनं जातो?” तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील, एकदा प्रश्न धरला की सोडत नाहीत.

शेवटी ठरलं, कडेला तीन इंच जाडी आणि माथ्यावर दोन. काँक्रीट ओतायच्या दिवशी माझा जीव धजेना. जन्मभर जाड बांधलं, ते टिकलं. साहेब दुसऱ्या टोकाला होते. मी माथ्यावर एक इंच जास्त घातला. जेवताना तिला फुशारकीने सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जाळं टांगून तिने बरोब्बर मधे एक जादा शिसं अडकवलं. जाळं तिथे टोक काढून खाली आलं.

“बघा. जाळं सरकून घेतं. सिमेंट कुठं सरकणार? सायबांना सांगा.”

“आता घट्ट झालंय. सांगून माझं नाव घालवू?”

“मग मी बसते मधे. त्याखाली दुसरं कुणी नको.”

आणि बसली. शेड सुरू झाल्यापासून रोज, नेमकी माथ्याखाली, जाळी दुरुस्त करत. बायका विचारायच्या, “इथंच काय गो, सोनं पुरलंय?”

“नवऱ्याचं काम बघत्ये,” म्हणायची.

तिसऱ्या वर्षी माथ्याजवळ केसाएवढी चीर दिसली. “सांगितलंत?” तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. तिने बूड हलवलं नाही. कुणाकडे माझी चुगली केली नाही. साहेबांचा पत्ता मला ठाऊक होता. पण माझा ताठा मोठा.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं बसली होती. मी चपला घातल्या. “सुतकात कुठं निघालास?” चुलतभाऊ ओरडला. मी पोस्टात गेलो, कार्डावर लिहिलं, ‘साहेब, माथ्यावर एक इंच जास्त आहे. मी घातला. चीर पडली आहे. येऊन बघा.’ कार्ड पेटीत टाकून तसाच शेडीत गेलो. लिलाव चालू होता. तिच्या जागेवर एक बाई सुरमई मांडून बसली होती.

“ऊठ गो. इथं बसू नको.”

“का, दादा? तिची जागा म्हणून?”

“नाही,” म्हटलं, आणि कार्डावर लिहिलं तेच सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.