उजवीकडची गाठ

माप घेताना बायका बोलतात. हात वर केले, टेप पाठीमागून फिरली, की कुठल्या बाईच्या तोंडून काय बाहेर पडेल सांगता येत नाही. सासूचं, नवऱ्याचं, माहेरच्या वाटणीचं — सगळं ऐकलंय मी, आणि ऐकलेलं दुकानाची पायरी कधी उतरू दिलेलं नाही. पण माझं? ते आजवर कुणीच ऐकलेलं नाही. नवऱ्याने नाही, बहिणीने नाही. देवापुढेसुद्धा मी ते नीट उच्चारलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आधी एक सांगून टाकते — मी चांगली शिवते. उगाच कमीपणा घ्यायला मला जमत नाही. जळगावात माझ्या हातचं ब्लाउज घालून ज्या बोहल्यावर चढल्या, त्यांच्या मुली आता माप द्यायला येतात. चोपड्याहून, एरंडोलहून येतात. पाठीवर एक सुरकुती दिसली तर मी ते ब्लाउज गिऱ्हाइकासमोर उसवते. माझा हा तोरा ठाऊक असल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

माझी मुलगी पल्लवी जर्मनीत असते. बव्हेरिया म्हणून भाग आहे तिथे, एका लहान गावातल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्या गावाची दरवर्षी मोठी जत्रा भरते. बँड, पाळणे, बिअरचे मंडप, आणि म्हातारेकोतारे धरून सगळा गाव जुन्या पद्धतीच्या कपड्यांत. बायकांच्या पोशाखाला डिर्न्डल म्हणतात. पहिल्या वर्षी पल्लवी जीन्स घालून गेली आणि एकटीच वेगळी पडली. दुसऱ्या वर्षी जत्रेच्या आधी तिने विचारलं, एखादा विकत घेऊ का? मला राग आला. माझी मुलगी तयार कपडा घालून जत्रेत जाणार? मग मी मशीनवर कशाला बसते?

तिने फोटो पाठवले. ते बघून मला हसूच फुटलं. आत आखूड पांढरं पोलकं, फुग्यांच्या बाह्यांचं — असली पोलकी मी शाळेत घातली आहेत. त्यावर अंगाला चापून बसणारी बिनबाह्यांची चोळी, तिलाच जोडलेला चुण्यांचा परकर, आणि पुढून एप्रन. यात मला न येणारं काय होतं?

कापड तिने सांगितलं तसं घेतलं. हिरवं, बाटलीच्या काचेसारखं. चोळीला आतून कॅनव्हास लावला, टक्स तीनदा उसवून परत घातले. पुढच्या बाजूला चांदीची साखळी ओवतात तिकडे. मी पल्लवीचे लहानपणीचे पैंजण काढले, सराफाकडून घुंगरं उतरवून घेतली आणि तीच साखळी ओवली. एप्रनसाठी माझी जांभळी रेशमी साडी कापली. ती मी फार नेसलेही नव्हते. कात्री चालवताना मी मागेपुढे पाहिलं नाही. मुलीला परक्या गावात उठून दिसायचं होतं ना.

चोपड्याच्या आमच्या नणंदबाई त्या दिवसांत आल्या होत्या. मशीनवर पसरलेला तो घेर बघून त्या म्हणाल्या, "हाई काय शिवी ऱ्हायनी वो? कानबाईना पोशाख शे का?" कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली देवी. मी म्हटलं, तसंच समजा अक्का. तो पोशाख होताही तेवढाच देखणा. आजही म्हणेन — त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

आता गाठीचं सांगते. टाळत होते, तुमच्या लक्षात आलं असेल.

एप्रनच्या दोन लांब पट्ट्या असतात. कमरेभोवती फिरवून त्यांची फुलासारखी गाठ मारतात. ती कुठे मारायची याला तिकडे अर्थ आहे. पल्लवीनेच फोनवर हसत हसत सांगितलं होतं — डावीकडे गाठ म्हणजे मुलगी मोकळी, उजवीकडे म्हणजे तिचं ठरलेलं. "पट्ट्या चांगल्या लांब ठेव हं आई," ती म्हणाली, "माझी मी बांधेन."

मी पट्ट्या ठेवल्याच नाहीत. गाठ वेगळी तयार केली, छान फुगीर, आणि एप्रनच्या उजव्या अंगाला पक्की शिवून टाकली. आत हूक लावला, म्हणजे कमरेला आवळलं की झालं. पार्सलही मुद्दाम उशिरा टाकलं. ते जत्रेच्या आदल्या दिवशी पोचलं, आता तिथे कोण उसवत बसणार? तिने फोन करून विचारलं, गाठ अशी का गं? मी म्हटलं, पट्ट्यांना कापड कमी पडलं.

साडीतलं कापड कमी पडलं! एप्रनला ते लागतं किती? पण कापडाच्या बाबतीत माझी मुलगी माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. तिने पुढे एक शब्द विचारला नाही.

तुम्ही म्हणाल, आईचा जीव. दारूचे मंडप, अनोळखी गर्दी, कुणी वेडंवाकडं वागू नये म्हणून केलं असेल. मीही स्वतःला कितीतरी दिवस हेच ऐकवलं. पण ते खरं नाही. खरं असं, की रंग ठरवताना ती म्हणाली होती, "फेलिक्स म्हणतो मला हिरवा शोभेल." गाठीचा अर्थ तिला फेलिक्सने सांगितला होता. पोलक्याच्या बाह्यांबद्दल बोलतानाही मध्येच फेलिक्स आला. कोण म्हणून विचारलं, तर "ऑफिसमधला आहे एक" — आणि लगेच विषय बदलला. मापं घेऊन घेऊन मला एवढं कळतं हो, बाई कुठे श्वास रोखते ते. ती डावीकडची गाठ कुणी बघावी म्हणून बांधली जाणार होती, ते मला पक्कं माहीत होतं. आणि मला तो नको होता. न बघितलेला, न बोललेला माणूस — मला तो नको होता, कारण मग ती कायमची तिकडची झाली असती.

जत्रेचा फोटो आला. काय दिसत होती माझी पोर! तिथल्या बायका थांबवून विचारत होत्या, कुणी शिवलं म्हणून. तो फोटो मी मोठा करून दुकानात लावला. अजून आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तिकडेच बघतं आणि मी ऐटीत सांगते, हे माझं काम.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा पल्लवीने सहज बोलता बोलता सांगितलं, की फेलिक्स दुसऱ्या शहरात गेला. तिथे त्याचं कुणाशी तरी जमलं होतं. निरोप घेताना तो म्हणाला, जत्रेत मी तुला विचारणार होतो, पण गाठ उजवीकडे पाहिली. वाटलं, भारतात घरच्यांनी तुझं ठरवून ठेवलं असेल.

"मी हसले गं आई," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्या आईला कापड कमी पडलं होतं."

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा सांगता आलं असतं ना? एका वाक्याचं काम होतं. मी विचारलं, "जेवलीस का?"

पल्लवी अजून तिथेच आहे. एकटी. मोठ्या हुद्द्यावर गेली, स्वतःचं घर घेतलं, तिकडच्या भाषेत भांडतेसुद्धा. मला तिचा फार अभिमान आहे. लग्नाचा विषय काढला की म्हणते, राहू दे आई. दरवर्षी जत्रेत तोच पोशाख घालते आणि दरवर्षी मला फोटो पाठवते.

या दिवाळीत ती आली तेव्हा तो पोशाख घेऊन आली. कमरेत घट्ट होतोय म्हणाली. शिलाईत मी कापड सोडलेलं होतंच, बाजू उसवून ढिला करून दिला. काम चाललं होतं तेव्हा ती शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होती. उरलेली जांभळी साडी तिच्या गुडघ्याला लागून असलेल्या मशीनच्या खणात होती, घडी घातलेली. एप्रन हातात आला. मी म्हटलं, याला लांब पट्ट्या लावून देऊ का आता?

"नको गं," ती म्हणाली. "गाठ तशीच राहू दे. तिकडे मला त्या गाठीवरूनच ओळखतात."

मी एप्रन उलटा करून बघितला. रेशीम थोडं विटलंय. गाठ मात्र होती तिथेच आहे, आणि तिचा एकही टाका सुटलेला नाही.