लिंपणबाई आणि बाल्कनीतलं भोक

माझी भाची दिवसभर भोकं बुजवते. ऑफिसात तिला लिंपणबाई म्हणतात आणि ती खुशाल ओ देते. इमारत असो की पंखा, त्यातून हवा कशी खेळेल ते सांगणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. ते आधी संगणकावर काढलेल्या कॅड मॉडेलच्या पोकळीत बारीक जाळी विणतं. मॉडेलमध्ये केसभर फट राहिली, तरी जाळी तिथून बाहेर पळते. म्हणून भाची फटी बुजवते आणि जाळीला नडणारे बारीक स्क्रू उडवते, नक्षी खरवडते.

एकदा तिच्या हाती आमचं थिएटर आलं. तिथे मी चाळीस वर्षं रोज मेलो आणि टाळ्या घ्यायला उठलो! थिएटरं तपासणाऱ्या समितीचा हुकूम होता : बाल्कनीत हवा खेळते हे दाखवा, नाहीतर बाल्कनी कायमची बंद. स्वस्त तिकिटांची, खणखणीत टाळ्यांची ती बाल्कनी!

मी स्क्रीनवर डोकावलो. "खांबांवरच्या पऱ्या कुठे गं?"

"उडवल्या. हवेला त्यांचं कौतुक नाही, मामा."

"आणि मागच्या भिंतीतलं भोक?"

"त्याला ना चौकट, ना झडप. मॉडेलमधली चूक वाटली. बुजवलं."

"अगं, वारा तिथूनच यायचा! शेवटच्या रांगेतले लोक मफलर गुंडाळून बसायचे."

भाचीचा चेहरा पडला. 'बाल्कनीत हवा पोहोचत नाही' असा अहवाल आठवड्यापूर्वीच थिएटरच्या मॅनेजरांकडे गेला होता. तिने भोक उघडलं, नव्याने जाळी विणली. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर बाल्कनीभर वारा सुटला. नवा अहवाल घेऊन आम्ही थिएटरात धावलो. समिती दुपारी यायची होती.

मॅनेजर हसतमुखाने सामोरे आले. "या मॅडम! तुमच्या अहवालात होतं ना, 'मागच्या भिंतीतलं भोक बुजवलं'? म्हटलं, कागदावर एक आणि भिंतीवर दुसरंच नको. गवंडी लावून पक्कं बुजवून घेतलं."

भाचीने कपाळावर हात मारला. "गवंडी आहेत का अजून?"

"जेवताहेत."

त्यांना अर्ध्या जेवणातून उठवलं. जन्मभर फटी बुजवणारी माझी भाची धुळीत उभी राहून ओरडत होती, "फोडा! अजून चार बोटं फोडा!"

समिती आली, शेवटच्या रांगेत बसली. पाच मिनिटांत अध्यक्षांनी कॉलर वर केली.

"इथे फार वारा लागतो हो," ते कुरकुरले आणि बाल्कनी चालू ठेवण्याच्या कागदावर सही करून खाली निघून गेले.