वाक्य तुटू नये इतकं सावकाश

प्रिय इरा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर नीलने विचारलं, "आजोबांचं हार्ट वीक होतं, तर तू त्यांना रोज चालायला का न्यायचीस?" इराने त्याला लगेच गप्प केलं. मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तुमच्या शाळेचा विषय काढला. पण नीलचा प्रश्न बरोबर होता. तो मला इथल्या नातेवाइकांनीही विचारला आहे, फक्त इतक्या सरळपणे नाही. म्हणून हे लिहिते आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कधी कोणाला उपयोग व्हायचा असेल तर होईल.

आजार कळला तो टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत. त्या खोलीत दिवे मालवलेले होते आणि पडद्यावर आजोबांचं हृदय करड्या रंगात हलत होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ते फार आळसावून हलतंय असं वाटलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, तुमच्या बाबांपेक्षाही लहान. त्या म्हणाल्या, "काका, याला हार्ट फेल्युअर म्हणतात. नावाला घाबरू नका. हृदय बंद पडलेलं नाही, थकलंय. जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही, म्हणून पाणी मागे साचतं."

आजोबा म्हणाले, "म्हणजे मोटार चालू हाय, पण पाणी चढत नाय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

त्याआधीचे दोन-तीन महिने आम्ही सगळी लक्षणं पाहत होतो आणि प्रत्येकाला काहीतरी कारण देत होतो. मोज्यांचे वळ पायावर खोल उमटायचे, तर मोजेच घट्ट आहेत. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायचे, तर वय झालं. आडवं झाल्यावर खोकला यायचा म्हणून त्यांनी दुसरी उशी घेतली, मग तिसरी. तीन उश्यांवर झोपणारा माणूस आजारी असतो, हे मला आता ठाऊक आहे. तुम्हीही लक्षात ठेवा.

आठवडाभर दवाखान्यात राहिलो. लघवी वाढवणारी इंजेक्शनं, प्यायलेल्या पाण्याचं माप, रोज सकाळी वजन. वजन इथे चरबीसाठी करत नाहीत. एकदम वाढलं तर अंगात पाणी साचलं असं समजतात. मीठ कमी झालं. लोणचं, पापड आणि मिसळ बंद. मिसळीचं त्यांना फार वाईट वाटलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "आता रोज चालायचं." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्या पिढीत हृदयाच्या रोग्याला पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलू देत नसत. त्यांनी समजावलं. पडून राहिलं की पायांचे स्नायू जातात, मग तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त राबावं लागतं. चालायचं, पण बेताने. बेत कसा ओळखायचा, तर टॉक टेस्ट. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. त्याला घड्याळ लागत नाही, यंत्र लागत नाही.

आम्ही दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात केली. गंगापूर रोडच्या आपल्या सोसायटीपासून जवळच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचं, एक फेरी मारायची आणि परत. आजोबा पुढे, मी मागे.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. तुमचे आजोबा सायखेड्याचे. गोदावरीच्या काठची शेती, आणि शेतात जायला बांधाची वाट. बांधावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. पुरुष काठी घेऊन पुढे, पाय आपटत, कारण साप असला तर त्याने बाजूला व्हावं. बाई मागे. लग्नानंतर पहिल्यांदा शेतावर गेले तेव्हा त्यांच्या टाचांकडे बघत गेले. पुढे ते अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागले, आम्ही नाशकात स्थायिक झालो, रस्ते रुंद झाले, तरी ते चार पावलं पुढेच राहिले. मैत्रिणी मला चिडवायच्या. मी शहरात वाढलेली, इंग्रजी शिकवणारी, आणि नवऱ्यामागून चालणारी. मला त्यात अपमान कधी वाटला नाही. ते माझ्यासाठी पुढे असत.

तर ते पुढे चालत आणि मी मागून विचारी, "अहो, ठीक आहे ना?"

मान न वळवता उत्तर येई, "ठीक."

कधी "हाय की."

मला वाटे, बोलताहेत म्हणजे वेग बरोबर आहे. एका वळणावर ते रोज थांबत आणि जाळीपलीकडे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे बघत. त्यांना क्रिकेटची कधीच आवड नव्हती. मला हे चमत्कारिक वाटलं, पण निवृत्त माणसाला नव्या आवडी लागतात, असं मी मनाशी म्हटलं.

महिनाभरात पाय पुन्हा सुजले, वजन चढलं आणि आम्ही परत त्याच वॉर्डात आलो. घरचे म्हणाले, चालण्यानेच झालं. माझ्या जावेने तर वॉर्डातच हात जोडले, "ताई, आता तरी त्यांना बसू द्या."

डॉक्टरांनी औषधांची मात्रा बदलली. मग विचारलं, कसे चालता ते नीट सांगा. मी सगळं सांगितलं, कोण पुढे, कोण मागे, काय बोलणं होतं. त्या हसल्या नाहीत.

"काकू, 'ठीक' हे वाक्य नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं तर कोणीही धापा टाकतानासुद्धा बोलू शकतो. तुम्ही त्यांच्या शेजारी चाला. तोंड दिसलं पाहिजे."

आजोबा छताकडे बघत पडले होते. तसेच म्हणाले, "पोरं बघायला थांबायचो ते दम खायला. तुला कळलं असतं तर तू चालणं बंद केलं असतं. मग मी खाटेवरच राहिलो असतो."

त्यांना त्याचीच भीती होती, मरणाची नव्हे. खाटेला खिळायची.

घरी आल्यावर मी शेजारी चालू लागले. पहिले काही दिवस अवघड गेले. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "लोक काय म्हणतील? वरातीत पण इतक्या जवळून नाय चाललो आपण." शिवाय बोलायचं काय? इतक्या वर्षांच्या संसारात आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, भाजी आणा, पोराचा फोन आला. पूर्ण वाक्यं लागतील असं काही शिल्लक नव्हतं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. वडिलांनी विहीर खणायला घेतली आणि खडक लागला, ते. पुरात म्हैस वाहून गेली आणि पलीकडच्या गावात सापडली, ते. धाकटी बहीण तापात गेली तेव्हा तेच तिच्याजवळ होते. हे मला माहीतच नव्हतं. तिचं नाव घेताना त्यांचं वाक्य तुटलं, मी हळू झाले, पण ते म्हणाले, "हे दम लागून नाय."

असा आमचा वेग सापडला. फार कमी होता. सगळा ट्रॅक आम्हाला मागे टाकून जाई. सोसायटीतले एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, "काका, गोगलगाय पुढं गेली तुमच्या."

आजोबा म्हणाले, "जाऊ द्या, तिला घाई असंल."

ते पावसाळ्यानंतरचे महिने चांगले गेले. वजन स्थिर होतं, पायांची सूज उतरली होती, दोन उश्या पुरत होत्या. डॉक्टरही खूश होत्या. मला वाटायला लागलं की हे असंच चालेल.

थंडीत वाक्यं आखूड होऊ लागली. कोणत्याही तपासणीच्या आधी मला कळलं. म्हशीची गोष्ट तीच असायची, पण ती दोन श्वासांत येत होती. आम्ही वेग कमी केला. मग अर्ध्या फेरीवर बाकावर बसू लागलो. मग ट्रॅक सुटला आणि सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊ लागलो. मग घरातच, खाटेपासून गॅलरीपर्यंत. ते माझा हात धरत आणि गॅलरीत पोचल्यावर खुर्चीत बसून बोलत, चालताना नाही.

शेवटचं दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बोलावलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. "आता औषधं बरं करायला नाहीत, त्रास कमी करायला आहेत," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "चालण्याने हे लवकर झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही. इतके महिने ते स्वतःच्या पायांवर राहिले ते चालण्यामुळे."

नील, हे तुझं उत्तर.

तुमचे बाबा विमानाने आले तेव्हा आजोबा शुद्धीवर होते, पण बोलत नव्हते. त्यांनी बाबांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी जवळ होते.

दहावं गोदावरीवर झालं. घाटावरून परतताना बाबा पुढे चालत होते, तेच खांदे, तीच घाई. मागून मी विचारलं, "बरा आहेस ना रे?" तो म्हणाला, "ठीक आहे." मी हाक मारून त्याला थांबवलं आणि त्याच्या शेजारी गेले. तोंड बघितलं. मग तो बोलू लागला.

तुम्ही दोघं इतक्या लांब आहात. मला तिथे येऊन शेजारी चालता येणार नाही. बाबांना सकाळी एकटं फिरायला पाठवू नका, इतकंच मागते.

मी अजून चालते. ट्रॅकची एक फेरी, कधी अर्धी. एकटीला बोलता येत नाही, तेव्हा मनातल्या मनात एक वाक्य पुरं म्हणून बघते. विहीर, म्हैस, आजोबांची बहीण, तिचं नाव, तिला कोणतं गाणं आवडायचं, हे सगळं आता मला एकटीलाच माहीत आहे. माझी आठवण शाबूत आहे, तोवर विचारा.

तुमची,
आजी